मण्यातली नजर

"सर, मणी काढल्यावर माणसाचं काय होतं?"

प्रश्न हारिकाच्या तोंडून निघाला, पण पैज लावली होती आसमा आणि रेवानं. नववीच्या अख्ख्या वर्गासमोर उभं राहून एवढं एकच विचारायचं. विचारलंस तर दिवाळीपर्यंत तुझं दप्तर आम्ही उचलतो, नाही विचारलंस तर तू भित्री भागूबाई! गेल्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर काढल्यापासून हारिका दासरीला 'उभी राहा' म्हटलं की चेवच यायचा. ती उभी राहिली, विचारून मोकळी झाली आणि वर्गातल्या सगळ्या माना गर्रकन तिच्याकडे वळल्या.

"विचारलं की बे हिनं!" रेवा कुजबुजली.

बिराजदार सरांच्या हातात पत्र्याचा ट्रे होता. ट्रेमध्ये मसुराच्या दाण्याएवढे मणी, प्रत्येक मणी वेगळ्या कागदी पुडीत. सरांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि नकळत उजव्या कानामागे हात नेला. तिथं त्यांचा स्वतःचा मणी होता.

"काही होत नाही," सर म्हणाले. "आठवडाभर जरा सुस्ती येते. पुस्तिकेत लिहिलंय." मग अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "पण काढायचा कशाला?"

वर्ग हसला. हारिका हसली नाही. मणी काढल्यावर काय होतं ते तिला चांगलं माहीत होतं. ते तिच्या घरातच राहत होतं.

सोलापुरातल्या शाळांमध्ये दुपारचे तास बंद होऊन दहा वर्षं झाली होती. सकाळी शिकवणं आणि दुपारी 'स्वयंकार्य'. म्हणजे आपला विषय आपण निवडायचा, आपलं वेळापत्रक आपण आखायचं आणि वर्षाअखेर काम दाखवायचं. कल्पना झकास होती. फक्त काम कुणीच करत नव्हतं! पहिल्या तीन वर्षांत मुलांनी वेळापत्रकं मात्र एकाहून एक सुंदर काढली, तीन-तीन रंगांत, समास आखून. मग मणी आला.

मणी ओरडत नव्हता की टोचत नव्हता. हातातल्या कामातून मन निसटलं की त्याला मेंदूच्या लहरींवरून कळायचं, आणि तो कानामागच्या नसेला इतका हलका इशारा द्यायचा की माणसाला फक्त एकच वाटायचं: आपल्या मागे कुणीतरी उभं आहे आणि बघतंय. कोण उभं आहे तेही ठरलेलं असायचं. पहिल्या दिवशी आपलं एक माणूस समोर बसवायचं, त्यानं वीस मिनिटं आपल्याकडे बघायचं. त्या वेळी आपल्या अंगात जे जे होतं ते सगळं मणी शिकून घेतो. याला 'नजर नोंदवणं' म्हणत. नोंदवली की बारावीपर्यंत तीच नजर.

"उद्या दहा वाजता ज्याची नजर नोंदवायची त्या माणसाला घेऊन या," सर म्हणाले. "जून ते ऑक्टोबर तुम्हाला मण्याशिवाय दिले होते. काय दिवे लावलेत ते मी बघितलंय. हारिका, तुझा विषय काय?"

"जुन्या गिरण्यांचे भोंगे, सर. ज्यांनी ऐकलेत त्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी."

"किती आठवणी झाल्या?"

"...दोन."

"पाच महिन्यांत?"

आता मात्र वर्ग पोट धरून हसला. हारिकाचे कान तापले. वक्तृत्वाचा पहिला नंबर अशा वेळी काही कामाला येत नाही.

"सर, मणी नकोच असेल तर?" तिनं विचारलं. हे पैजेत नव्हतं. आसमानं तिचा फ्रॉक मागून ओढला.

"तर नियम पाच," सर पुस्तिका न उघडता म्हणाले. "मण्याऐवजी माणूस. घरातलं कुणीही चालेल. त्या माणसानं रोज आपणहून विचारायचं, आज काय केलंस. मूल सांगेल ते स्वतःच्या हातानं वहीत लिहायचं आणि खाली सही करायची. मुलानं आठवण करून द्यायची नाही, दुसऱ्या कुणीही नाही. सलग तीन दिवस वही कोरी राहिली की वर्ष बाद." त्यांनी ट्रे पुन्हा उचलला. "सहा वर्षांत एकानंही घेतला नाही हा नियम. माणूस दुसऱ्या दिवशी विसरतो आणि तिसऱ्या दिवशी माफ करतो. मणी दोन्ही करत नाही."

घरी जाताना आसमा दोन दप्तरं घेऊन चालत होती.

"तुझ्या अक्काला विचार की," ती म्हणाली. "तिनं लावला होता ना चार वर्षं? हैदराबादला फोन लाव आणि विचार."

"विचारते," हारिका म्हणाली आणि कोपऱ्यावर दप्तर परत मागून घेतलं.

अक्का हैदराबादला मावशीकडे शिकायला गेलीय, हे हारिकानंच सगळ्यांना सांगितलं होतं. खरं म्हणजे अक्का साखर पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात, खाटेच्या कडेला बसलेली होती. सिंधूजा दासरी, वय एकोणीस. खांद्यावर टॉवेल. दुपारचा दीड वाजला होता.

"आंघोळ?" हारिकानं विचारलं.

"नान्ना आज लवकर गेले," अक्का म्हणाली. नळाला पाणी नाही आलं, असं म्हणावं तशी.

म्हणजे ती सकाळी सातपासून टॉवेल घेऊन बसली होती. एरवी वडील, म्हणजे नान्ना, कामावर जाण्यापूर्वी तिच्या मागे उभे राहायचे. दात घासताना उभे, आंघोळीच्या वेळी पडद्याबाहेर उभे, भाकरी खाताना उभे, वेणी घालताना उभे. नान्ना मागे असले की अक्का सगळं करायची, भराभर, एकही चूक न करता. ते गेले की जिथं असेल तिथं थांबायची. बारावी संपल्यावर नियमाप्रमाणे शाळेनं मणी परत घेतला, त्याला आठ महिने झाले होते. पुस्तिकेतला आठवडा काही संपला नव्हता.

डॉक्टरांनी उपाय सांगितला होता: मोठ्यांचा मणी मिळतो, तो लावून टाका, जन्मभराची काळजी मिटेल. अक्काला विचारलं तेव्हा ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही, नुसती रडली. रडण्यासाठी मात्र तिच्या मागे कुणाला उभं राहावं लागलं नाही.

"मी उभी राहू मागं?" हारिकानं विचारलं.

"तू उभी राहिलीस की मला हसू येतं."

हे खरं होतं. त्यांनी करून बघितलं होतं. अक्का वेडी नव्हती, आजारी दिसत नव्हती, बोलायला तर आधीसारखीच तिखट. हारिका तिच्या शेजारी खाटेवर बसली.

"अक्का, नक्की काय होतं गं? डोक्यात काही येतच नाही का?"

"सगळं येतं. उठायचं, बादली भरायची, साबण कुठाय तेसुद्धा. पण पहिला धक्का बसत नाही." अक्कानं भिंतीकडे बघितलं. तिथं तिची चादर टांगलेली होती. बाभळीचे पांढरे काटे आणि वाकड्या शेंगा, तांबड्या जमिनीवर. स्वयंकार्यात तिनं चादरींची एक्केचाळीस नवी डिझाइनं काढली होती, त्यातलं हे जिल्ह्यात पहिलं आलेलं. "तो माग बघितलायस ना, डिझाइनचा? भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं लावतात. भोक असेल तिथला धागा वर उचलायचा, नसेल तिथला नाही. कार्डांची माळ काढून घेतली तर माग काही मोडत नाही. नुसता उभा राहतो."

"आणि मणी होता तेव्हा?"

"तेव्हा नान्ना मागं उभे असायचे. दिवसभर. आणि त्यांना माझं काहीतरी चुकलेलं दिसलेलं असायचं. काय चुकलंय ते कधी कळायचं नाही. मग मी अजून नीट करायची, अजून नीट."

हारिकाला गप्प बसणं अजिबात जमत नाही, म्हणून तिनं दप्तरातून वही काढली आणि आपल्या दोन आठवणी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, वक्तृत्वात वाचतात तशा हातवारे करून. पहिली होती निवृत्त पोस्टमन कारमपुरींची: पहिल्या भोंग्याला उठायचं, दुसऱ्याला घर सोडायचं, तिसरा वाजला की गिरणीचं फाटक बंद. अख्ख्या पेठेत कुणाकडे घड्याळ नव्हतं, आणि कुणाला उशीर होत नव्हता. दुसरी होती शेवंताबाई माने यांची. त्यांनी सांगितलं होतं, "गिरणी बंद पडली, भोंगा बंद झाला. तरी आमचा बाप दुसऱ्या भोंग्याच्या वेळेला डबा घेऊन दारात उभा राहायचा. पाऊल बाहेर टाकायचा नाही. नुसता उभा. अकरा वर्षं उभा राहिला."

वाचून झाल्यावर हारिकाला पहिल्यांदाच त्यातलं काहीतरी मनाला लागलं. तिनं वही मिटली आणि पाणी प्यायला आतल्या खोलीत गेली.

"तिसरी कोण?" बाहेरून आवाज आला.

"अं? अंबूबाई यलगुलवार. दत्त चौकात राहतात. अजून गेलेच नाही मी."

"कधी जाणार?"

"बघू!" हारिका म्हणाली. पण तांब्या खाली ठेवता ठेवता तिनं चपला घातल्या. का, ते तिला तेव्हा कळलं नाही. मागून कुणी बघतंय असं काही वाटलं नव्हतं. कुणाला तरी पुढचं ऐकायचं होतं, एवढंच. अडीच वाजता अम्मा अंगणवाडीतून घरी येतच होती. तिला दारातच सांगून हारिका सुटली.

अंबूबाई बहिऱ्या होत्या, त्यामुळे भोंग्याबद्दल ओरडून ओरडून विचारावं लागलं आणि निम्मा चौक गोळा झाला. मजा आली! साडेचारला ती दोन पानं भरून परत निघाली. नव्या पेठेच्या वळणावर मात्र तिचे पाय थबकले.

'तिसरी कोण?' असं अक्कानं विचारलं होतं. नान्ना घरात नव्हते. अम्मा नव्हती. हारिका स्वतः आतल्या खोलीत होती. अक्काच्या मागे कुणीही उभं नव्हतं.

साडेपाचला सगळे घरी होते. नान्ना चहा पीत होते. नरसय्या दासरी, चादरींच्या कारखान्यात चेकर. माल बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक चादर दिव्याच्या टेबलावरून सरकवत तपासायची, तुटलेला धागा, सुटलेला ताणा, कुठं एक वीण जरी चुकली असली तरी खडूनं खूण करायची. कॅमेरे आले तरी नान्नांना काढलं नव्हतं. कॅमेऱ्याला दिसत नाही ती खोट नरसय्याला दिसते, असं सगळे म्हणायचे. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

हारिकानं नजर नोंदवण्याचा फॉर्म समोर ठेवला.

"या वेळी मी बसते," अम्मा लगेच म्हणाली.

"का? माझं काय चुकलं?" नान्नांनी कप खाली ठेवला. "सिंधूच्या वेळी सुट्टी टाकून गेलो होतो मी. नवा शर्ट घालून."

"चुकलं कोण म्हणतंय? पण या वेळी मी."

"नान्ना," हारिका मध्येच म्हणाली, "अक्काच्या वेळी वीस मिनिटं तुम्ही काय केलं होतं?"

"काय करणार? नोंदवणाऱ्या बाई म्हणाल्या, मुलीकडे नीट लक्ष देऊन बघा. बघितलं."

"कसं? मला बघून दाखवा की."

"आता?"

"आता. नीट लक्ष देऊन."

नान्ना जरा ओशाळले, हसले, मग सरळ बसले. आणि त्यांचा चेहरा बदलला. तो रागीट झाला नाही, उलट अगदी शांत झाला. डोळे हारिकाच्या कपाळाच्या डाव्या टोकाला लागले आणि उजवीकडे सरकले. मग एक बोटभर खाली, पुन्हा डावीकडून उजवीकडे. भुवया. डोळे. गाल. एक एक ओळ. हारिकाला आपल्या केसांची निसटलेली बट आठवली, शाईचा डाग आठवला, पाच महिन्यांत दोनच आठवणी झाल्या ते आठवलं. आपल्यात कुठंतरी मोठी चूक आहे, ती आपल्याला माहीत नाही, पण यांना आता सापडणार, असं तिला वाटलं. वक्तृत्वातलं सगळं बळ मिनिटभरात उतरलं.

मागे भांडं वाजलं.

खाटेवरची अक्का उठली होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, नान्ना हारिकाकडे बघत होते. तरी ती उठली, मोरीपाशी गेली, नळ सोडला आणि सकाळची भांडी घासायला लागली. भराभर. पातेलं आतून, बाहेरून, काठ, पुन्हा आतून. घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

नान्नांनी तिच्याकडे बघितलं, हारिकाकडे बघितलं, आणि त्यांना कळलं. हारिकाला काही सांगावं लागलं नाही.

"बंगारम, माझ्या सोन्या," ते म्हणाले, "मला लक्ष देऊन बघा म्हणाले. मला लक्ष देऊन बघायचं म्हटलं की एकच येतं गं. खोट शोधायची." त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबले. "तिच्यात खोट नव्हती. मी नुसता बघत होतो. माझी पोरगी किती मोठी झाली, एवढंच बघत होतो."

नान्नांनी मान फिरवून भिंतीकडे तोंड केलं. तशी मोरीतला हात थांबला. पातेलं अक्काच्या हातातच राहिलं. नळ चालू राहिला.

अम्मानं उठून नळ बंद केला. अक्काच्या हातातलं पातेलं काढून घेतलं, तिचे ओले हात पदरानं पुसले आणि तिला परत खाटेवर आणून बसवलं. मग डोळे न पुसताच हारिकाला म्हणाली, "उद्या मी येते. मी प्रेमानं बघेन. हसत बघेन वीस मिनिटं."

"वीस मिनिटं हसत बघितलंस ना अम्मा, तर चार वर्षं तीच हसणारी अम्मा माझ्या मागे उभी राहील. मला राग आला तरी, रडू आलं तरी." हारिकानं फॉर्म उचलला, घडी घातली आणि वहीखाली सारला. "मी मणी लावणार नाही. नियम पाच घेणार. मण्याऐवजी माणूस."

नियम काय आहे ते तिनं सांगितलं. नान्ना भिंतीकडेच तोंड करून म्हणाले, "मग अम्माला माणूस कर."

"अक्काला करणार."

"वेड लागलंय का तुला?" अम्मा ओरडलीच. "तिला तोंड धुवायला सुचत नाही! रोज आपणहून विचारायचं, म्हणालीस ना? तिसऱ्या दिवशी वर्ष जाईल तुझं. आणि ते ओझं तिच्या डोक्यावर?"

"ओझं नाही. तिला ऐकायचं असतं, अम्मा. आज दुपारी तिनं मला विचारलं, तिसरी कोण? तुम्ही दोघं घरात नव्हता. मीसुद्धा समोर नव्हते. कुणी तिला सांगितलं नव्हतं. आणि ती विचारून गेली म्हणून मी चपला घालून गेले. पाच महिन्यांत दोन झाल्या होत्या, आज एका दुपारी तिसरी झाली."

"एकदा विचारलं म्हणजे रोज विचारेल?" नान्नांनी विचारलं. त्यात चिडणं नव्हतं. उत्तर हवं होतं त्यांना.

हारिकानं अक्काकडे बघितलं. अक्का तिच्या चादरीकडे बघत होती, त्या काट्यांकडे. ऐकत होती की नाही, सांगता येत नव्हतं. हारिका उभी राहिली, कारण उभं राहिल्याशिवाय तिला धड बोलताच यायचं नाही.

"अम्मा, नान्ना, माझं ठरलंय. उद्या दहा वाजता मी अक्काला घेऊन शाळेत जाणार. आसमाला, रेवाला, सगळ्यांना सांगणार की अक्का हैदराबादला नाही, इथंच आहे. आणि उद्यापासून रोज संध्याकाळी सहा वाजता मी वही घेऊन तिच्यासमोर गप्प बसणार. तिला कुणी खुणवायचं नाही. अम्मा, तू खोकायचंसुद्धा नाहीस. नान्ना, तुम्ही तिच्या मागे उभं राहायचं नाही, रस्त्याकडे बघत बसायचं. तीन दिवस तिनं काही विचारलं नाही, तर माझं वर्ष गेलं. जाऊ दे, मी पुन्हा नववीत बसेन, पण मणी नाही. आणि नान्ना... तिनं विचारलं तर?"